पिंपावरचं नाव

रोह्यात निळं पिंप नसलेलं घर तेव्हा मला कोणी दाखवलं असतं, तर मी त्या घराच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला असता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नळाला पाणी यायचं पहाटे, तेही नवसाने. आणि कारखान्यांतून रिकामी झालेली प्लास्टिकची मोठाली पिंपं भंगारवाल्याकडे ढिगाने पडलेली असायची. मग काय, ज्याच्या घरचा माणूस कंपनीत, त्याच्या घरी पिंप आधी. ज्याच्या घरचा नाही, तो शेजाऱ्याला मस्का लावून मागवायचा. लग्नात भेट म्हणून रिबन बांधलेलं पिंप आलेलं मी पाहिलंय. हसू नका, माझ्याच लग्नात आलं होतं.

नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. त्याच्या खात्यातल्या मित्रांनी मिळून ते दिलं. सासूबाईंनी ते चिंचेने घासलं, राखेने घासलं, मग पाणी भरून अंगणात उन्हात ठेवलं आणि रोज सकाळी आत तोंड घालून वास घेतला. ज्या दिवशी वास आला नाही, त्या दिवशी "शुद्ध झालं गो" म्हणत त्यांनी पिंपाला हळदकुंकू लावलं आणि मोरीशेजारी विटांवर बसवलं. सगळ्या गावाचा कायदा तोच होता. वास गेला की पिंप शुद्ध. मी शास्त्राची शिक्षिका, बी.एस्सी. झालेली, पेणहून आलेली सून. मीही त्यातलं पाणी तांब्याने काढून घटाघटा प्यायचे. तांब्या कडेला लागला की 'डब्' असा पोकळ आवाज यायचा. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन.

लग्नानंतर दोनदा मला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली कोणाची तरी. नवरा नुसता ओव्हरटाइम करत राहिला. मी वर्गातल्या पोरांवर जरा जास्तच ओरडायला लागले. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा मी कोणाला सांगितलंही नाही बरेच दिवस. हे मूल मला हवं होतं, दुसरं काही नको होतं. चौथा लागला, पाचवा लागला, तरी शाळेचा जिना चढताना मी कठडा सोडत नव्हते.

त्याच वर्षी एका कंपनीने शाळेला आपला जुना कॉम्प्युटर दिला, आणि त्याबरोबर इंटरनेटचे थोडे तास. हेडसरांच्या खोलीतल्या फोनची वायर खिडकीतून ओढून प्रयोगशाळेत आणली. ते नेट लागायचं म्हणजे काय थाट! आधी फोन फिरल्याचा आवाज, मग मांजरं भांडल्यासारखी किंचाळी, मग शांतता. ती शांतता झाली की नववीची पोरं श्वास रोखून बसायची. एरवी माझ्या तासाला जांभया देणारी ही कार्टी, पण त्या किंचाळीसाठी मधली सुट्टी सोडायला तयार.

हेडसरांची एकच अट होती. पैसे पडतील असं काही उघडायचं नाही. मी म्हटलं, सर, सगळं फुकट आहे. आणि खरंच होतं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने रसायनांच्या माहितीची साइट सगळ्या जगाला फुकट उघडून ठेवली होती. नाव टाइप करा, पान येतं. कशासाठी वापरतात, हाताला लागलं तर काय, पोटात गेलं तर काय. वरच्या कोपऱ्यात नारिंगी चौकोनात चित्र. पेटणाऱ्या पदार्थाला ज्वाळा, विषाला कवटी, पाण्याचा नाश करणाऱ्याला मेलेला मासा. चित्र नसलं म्हणजे घाबरायचं कारण नाही.

मूलद्रव्यांच्या तक्त्याने न जागलेला वर्ग मी या साइटवर जागा केला. आधी घरातल्या वस्तू घेतल्या. मीठ, धुण्याचा सोडा, फिनाईल. मग नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून येणारी एक मुलगी होती, दोन घट्ट वेण्यांची, प्रश्न विचारून जीव काढणारी, तिने हात वर केला. म्हणाली, "बाई, आमच्या पिंपावर पण इंग्लिशमधे कायतरी लिवलंय. ते बघायचं?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "आण की लिहून. सगळेच आणा."

दुसऱ्या दिवशी पोरं कागदाचे कपटे घेऊन आली. कोणी वहीचं पान, कोणी सिगारेटच्या पाकिटाची मागची बाजू. काहींनी तर अख्खं लेबल खरवडून आणलं होतं. मी टाइप करायची आणि पान उतरायला लागायचं. नेट इतकं मंद की आधी अक्षरं यायची आणि चित्र मागाहून, वरून खाली, एकेक रेघ. आधी नुसता गोल माथा दिसायचा. पोरं अंदाज बांधायची. "ज्वाळा!" "मासा!" "काय नाय रे, मडका हाय!" मग त्या माथ्याखाली दोन काळी भोकं उतरायची आणि वर्ग एकदम "कवटीऽऽ" करून ओरडायचा. ज्याचं पिंप तो मुलगा हसत हसत उभा राहायचा, आऊट झाल्यासारखा. बाकीचे टाळ्या वाजवायचे.

खेळ होता तो त्यांच्यासाठी. माझ्यासाठीही पहिले काही तास खेळच होता, खोटं कशाला बोलू? शाळेत इतकी वर्षं घालवली, पण पोरं आपणहून इंग्रजी शब्द डिक्शनरीत शोधतायत हे मी कधी पाहिलं नव्हतं. पण कवट्या यायला लागल्या त्या थांबेचनात. एका मुलाच्या घरी दोन पिंपं, दोन्हींना कवटी. एकाच्या आजीने त्याच पिंपात आंब्याच्या फोडी मुरत घातल्या होत्या. मी "पोटात गेल्यास" हे वाक्य मराठीत सांगायला जायची आणि माझा घसा सुकायचा. मग मी तांब्याकडे हात न्यायची. तो तांब्या शिपाई कुठून भरून आणतो, हे आठवलं की हात परत यायचा.

अष्टमीच्या त्या मुलीच्या पिंपाला मात्र चित्र आलं नाही. काहीतरी साखरेसारखं निघालं, औषधांच्या गोळ्यांत घालतात ते. "तुमचं पास," मी म्हटलं. ती अशी फुलली की विचारू नका. घरी तिची आई नुकतीच बाळंत झाली होती. धाकटा भाऊ झाला होता तिला.

ज्यांच्या कवट्या आल्या त्यांना मी पिंप फेकायला सांगितलं. कोणी फेकलं? एका बापाने निरोप धाडला, "बाईंना म्हणावं, नवीन पिंप द्या, हे फेकतो." दुसरा म्हणाला, इतकी वर्षं पितोय, मेलो का? आणि हेडसरांनी एकदा दाराशी थांबवून हळूच म्हटलं, "बाई, कॉम्प्युटर कोणी दिलाय ते विसरू नका." धमकी नव्हती ती. बिचारे खरंच घाबरले होते. त्यांच्याही घरी निळंच पिंप होतं.

आणि माझ्या घरचं? माझ्या घरचं नाव मी काढतच नव्हते. पिंप भिंतीला टेकून, लेबल असलंच तर मागच्या बाजूला. ते फिरवून बघायचं म्हणजे आधी रिकामं करायला हवं, आणि मी रोज म्हणायची, उद्या. पहाटे नळ आला की सासूबाई पाइप लावायच्या, पिंप पुन्हा गळ्यापर्यंत भरायचं, आणि मला हायसं वाटायचं की आजचं टळलं. पाणी मात्र मी त्यातलं प्यायचं सोडलं. शेजारच्या विहिरीवरून कळशी आणायची, पोटावर हात ठेवून. सासूबाई बघायच्या. "पाचवा महिना आनि कळशी उचलतेस? डोकं फिरलंय का गो तुझं?" मी कळशी सावरत आत जायची.

शेवटी त्या अष्टमीच्या कार्टीनेच मला गाठलं. भर वर्गात. "बाई, तुमच्या घरचं पिंप कधी आणणार?"

सगळा वर्ग हसला. "बाईंचं! बाईंचं!" सुरू झालं. पळवाट राहिली नाही.

रविवारी सासूबाई देवळात गेल्या तशी मी बादल्यांनी पिंप उपसलं, तळाचं ओतून दिलं, आणि ते वळवलं. लेबल होतं. चिंचेने, राखेने वरचा अर्धा भाग गेला होता, पण नाव शाबूत. मी उकिडवी बसून वाचलं. ग्लिसरीन.

अहो, ग्लिसरीन! थंडीत ओठ फुटले की लावतो ते. माझ्या आईच्या फडताळात त्याची बाटली कायम. मी तिथेच मोरीत बसून रडले, मग हसले, मग परत रडले. सोमवारी वर्गात नाव टाइप केलं. पान उतरलं, आम्ही थांबलो, कोपरा कोराच राहिला. पोरांनी बाकं बडवली. कोणीतरी "बाई पास!" म्हणून ओरडलं. पोटातल्याने त्याच वेळी अशी लाथ मारली की मी खुर्चीचा हात धरला.

शाळा सुटल्यावर मी सरळ एसटीडी बूथवर गेले. पेणला आईकडे फोन नव्हता. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात होता, ते हाक मारून बोलवायचे. आई धापा टाकत आली. तिला वाटलं वाईटच बातमी. आधीच्या दोन वेळा तिला मी याच फोनवर सांगितलं होतं ना. मी म्हटलं, "आई, काही नाही, चांगलं आहे. आमच्या पिंपावर ग्लिसरीन लिहिलंय. ते चांगलं असतं. घाबरायचं काही नाही." तिला पिंपाचं काय, कवटीचं काय, ठाऊकही नव्हतं. पण माझा आवाज ऐकून तीही रडायला लागली.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. कवट्या, मासे, ग्लिसरीन, सगळं. शिरा केला होता. मला वाटलं हा हसेल. त्याने घास खाली ठेवला.

"लेबल बघून काय कळतंय?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अगं, पिंप काय एकदाच भरतात काय? पहिला माल संपला की धुतात आनि दुसरा काय असेल तो भरतात. कधी वाया गेलेला माल, कधी टाकीच्या तळाचा गाळ. पार घाण होईस्तवर वापरतात. मग भंगारात."

"आणि लेबल?"

"लेबल कोण काढत बसतोय? आत काय हाय ते वर खडूने लिवतात. पानी पडलं की खडू गेला."

सासूबाईंचा हात ताटातच राहिला. मी विचारलं, "आपल्या पिंपावर खडूने काय लिहिलं होतं?"

त्याने तांब्या उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "काय म्हाईत. माझ्या शिफ्टचं नव्हतं."

मला त्याचा इतका राग आला की ताट भिरकावावं. आठ तास त्या पिंपांत वावरणारा माणूस तू, तुझ्या तोंडून हे आज निघतंय? तो मान खाली घालून म्हणाला, "वास गेला होता ना. सगलेच वापरतात." आणि खरं सांगू, त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझा राग तिथेच बसला. ते पाणी तोही पीत होता. त्याची आईही.

सासूबाई उठल्या. माझ्याआधी त्याच मोरीकडे गेल्या आणि पिंप आडवं केलं. मोरी तुंबली, पाणी उंबऱ्यावरून अंगणात गेलं. पदराने त्यांनी पिंपावरचं हळदकुंकू पुसून काढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हंजे त्या दोन टायमाला पन..." आणि पुढचं बोलल्याच नाहीत. मीही विचारलं नाही. त्या वारेपर्यंत आम्ही दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मला वर्गाला सांगायचं होतं. कवटीवाल्यांचं सोपं होतं. ज्यांना मी पास केलं होतं, त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं. मी सरळ सांगितलं. लेबलवर विश्वास ठेवू नका, आत काय भरलं होतं ते लेबलला ठाऊक नसतं, मी पास म्हटलेली पिंपंही पिण्याच्या पाण्याला वापरू नका. बाहेर कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली.

अष्टमीची मुलगी उभी राहिली. बाई पास म्हणाल्या म्हणून तिच्या आईने बाळाच्या बाटलीचं दूध त्याच पाण्यात कालवायला घेतलं होतं. हे तिने मला मागाहून सांगितलं. तेव्हा तिने फक्त विचारलं, "मग बाई, आता कुठल्या साइटवर बघायचं?"

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं, जणू त्यात उत्तर असेल. मग म्हटलं, "कुठल्याच नाही. आज घरी जा आणि ते पिंप ओतून टाक. आईला सांग, बाई चुकीचं बोलल्या." ती मधल्या सुट्टीत, दप्तर तिथेच टाकून, पुलाकडे पळत गेली. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेला कुलूप लागलं. फोनची वायर परत हेडसरांच्या खोलीत गेली.

आता तुम्ही म्हणाल, आईला का नाही कळवलं? आईला काय कळवायचं? तिच्याकडे आजीच्या वेळचा तांब्याचा हंडा आणि पितळी घागरी. पिंप तिच्या दाराशी कधी आलं नव्हतं. आणि कारखान्यातल्या त्या फोनवर, दहा माणसं मूर्ती घासत असताना, मी काय सांगणार होते? तिला उगाच घोर लागला असता. मी ठरवलं, बाळंतपणाला जाईन तेव्हा बोलू सावकाश.

सावकाश जायला मिळालंच नाही. आठवा नीट लागलाही नव्हता, कळा सुरू झाल्या. नवऱ्याने जीप ठरवली. नागोठण्याचा पूल येईपर्यंत मी त्याच्या मनगटात नखं रुतवली होती आणि एकच बडबडत होते, हे नको जाऊ दे, हे नको जाऊ दे. पेणच्या दवाखान्यात पोहोचलो. पहाटे मुलगी झाली. मुठीएवढी, लालबुंद, पण रडकी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमी दिवसांची आहे, जपा. ती आज माझ्यापेक्षा उंच आहे आणि माझ्याहून भांडखोर. पण हे आज म्हणतेय. तेव्हा मी तिचा श्वास चालू आहे का ते दर थोड्या वेळाने नाकाशी बोट धरून बघत होते. दवाखान्यात पाणी आणून देणाऱ्या मावशींना मी इतकं छळलं की त्या म्हणाल्या, "अहो, उकळलेलं हाय, स्टीलच्या भांड्यातलं हाय, प्या आता!"

मग आम्हाला आईच्या घरी पाठवलं. एप्रिलचा उन्हाळा, पेणमध्ये पाण्याची बोंब. आईने मागची खोली सारवून, शेगडी पेटवून, ओवा-शेपाची धुरी करून ठेवली होती. मी आडवी झाले. कितीतरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली. घरी आलो होतो. आता काही होणार नव्हतं.

जाग आली ती बाळाच्या रडण्याने. आई तिला न्हाणीत न्हाऊ घालत होती, पाय पसरून, पोरीला पायांवर पालथी घेऊन, तोंडाने काहीबाही गुणगुणत. छान वाटत होतं ऐकायला. आईने पाण्यासाठी मागे हात नेला असावा, कारण तेवढ्यात तो आवाज आला.

डब्.

टाके, अशक्तपणा, काही आठवलं नाही. भिंत धरत मी न्हाणीच्या दाराशी गेले. कोपऱ्यात तांब्याच्या हंड्याशेजारी नवंकोरं वाटावं असं निळं पिंप उभं होतं, घासूनपुसून लख्ख, वर हळदकुंकवाची दोन बोटं. लेबल मुद्दाम दर्शनी बाजूला ठेवलं होतं. ग्लिसरीन.

मी किंचाळले. आई इतकी दचकली की तांब्या तिच्या हातातून सुटला. पोरीला मी तिच्या पायांवरून उचलून छातीशी धरलं, ओलीचिंब, आणि तिचे ओठ पदराने पुसत राहिले, पुन्हा पुन्हा. आईला काही कळेना.

"अगो, झालं काय?" ती म्हणाली. "त्या भंगारवाल्याकडे मी दिवसभर उन्हात बसले. सगळी पिंपं उलटीपालटी करून बघितली. हेच नाव चांगलं असतं म्हणून तूच तर सांगितलं होतंस ना?"